कासवाने अन्न सोडले आहे आणि तपासणीत काहीच सापडत नाही

गंगापूररोड_नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्या घरी लाल कानाचे कासव आहे. मत्स्यालयाच्या दुकानांत ‘रेड इअर्ड स्लायडर’ या नावाने जे मिळते, तेच. मुलगी तिसरीत असताना आणलेले ते इवलेसे पिल्लू आता नऊ वर्षांचे झाले असून त्याच्या पाठीचे कवच २१ सेंटिमीटर लांब आणि वजन सुमारे दीड किलो आहे. मादी आहे, नाव सोनी. ती आजवर एकटीच राहिली आहे.

महाशिवरात्रीच्या सुमारास तिचे खाणे कमी झाले आणि आता तर तिने अन्न जवळजवळ सोडलेच आहे. दाण्यांच्या डब्याचे झाकण वाजले की पुढच्या काचेशी येऊन मान ताणणारी ही सोनी आजही येते, दाणा तोंडात घेते, क्षणभर धरून ठेवते आणि सोडून देते. गाजराचा कीस, लाल भोपळ्याची फोड, धुऊन भिजवलेला जवळा, असे सगळे करून पाहिले. दिवसा फळीवर ऊन खायला चढते, परंतु पूर्वीसारखी मागचे पाय लांब करून निवांत पडत नाही, लगेच पाण्यात उतरते. रात्री टाकीच्या कोपऱ्यात मागच्या पायांनी काच खरवडत असते आणि त्या आवाजाने सासूबाईंची झोपमोड होते. काहीतरी दुखत असल्यामुळे ती अस्वस्थ असावी, असा आमचा समज आहे.

आमच्या नेहमीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासले. आपण प्रामुख्याने कुत्री-मांजरे पाहतो, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. वरून एक एक्स-रे काढला. पोटात दगड नाही, अंडी नाहीत, फुप्फुसे ठीक दिसतात, असे त्यांनी सांगितले. जीवनसत्त्वाचे एक इंजेक्शन देऊन काही दिवस थांबून पाहू, असे ते म्हणाले. थांबायला हरकत नाही, पण नेमके कशाची वाट पाहायची हेच कळत नसल्यामुळे जीव टांगणीला लागला आहे. ज्यांनी कासव पाळले आहे किंवा ज्यांना या प्राण्याची माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मत्स्यपेटी

ताई, कासवाच्या आजाराची चौकशी बहुतेक वेळा कासवापासून नव्हे, टाकीपासून सुरू करावी लागते, म्हणून आधी काही प्रश्न विचारतो. पाण्याचे तापमान हीटरच्या चकतीवर लिहिलेले तेच धरता, की वेगळा थर्मामीटर बुडवून मोजता? हीटरवरचा आकडा आणि पाण्याचे प्रत्यक्ष तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक पडलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि नाशिकला फेब्रुवारीतही पहाटेचा गारठा असतो. कासव स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेले की त्याचे पचन मंदावते आणि भूक जाते, यात आजार असा काही नसतो.

दुसरे, ऊन खाण्याच्या जागी जो दिवा आहे तो नुसता उष्णतेचा आहे, की यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात तसे अतिनील किरण देणाराही आहे? असल्यास नळी किती जुनी आहे? या नळ्यांची गंमत अशी की डोळ्यांना दिसणारा उजेड वर्षानुवर्षे तसाच राहतो, मात्र यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरात उतरत जाते, त्यामुळे दिवा चालू आहे म्हणजे काम करत आहे, असे समजता येत नाही. खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हाचाही या कामी उपयोग नाही, कारण साधी काच हे किरण अडवते.

तिसरे, तळाशी बारीक खडी आहे का? आणि शेवटचे, पाण्यात साठणाऱ्या अमोनिया आणि नायट्राइट या घातक द्रव्यांची चाचणी कधी केली होती?

गंगापूररोड_नाशिक

तत्परतेने उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे. यजमान कारखान्यात उपकरण-तपासणीच्या विभागात असल्याने मोजमापाच्या बाबतीत आमच्या घरी जरा अतिरेकच आहे. पाण्यात दोन टोकांना दोन थर्मामीटर आहेत; पहाटे २५ आणि दुपारी २७ अंश भरतात. फळीवरचे तापमान ३२ अंशांच्या आसपास असते. यूव्हीबी नळी दिवाळीत बदलली असून मध्ये काच नाही. तळ मोकळा आहे, गिळता येणार नाहीत असे मोठे गोटे तेवढे आहेत. काल चाचणी केली, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. टाकीत कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा कायम असतो. पूर्वी ती कुरतडत असे, गेल्या महिन्यात तर तिने त्याचा फडशा पाडला होता, आता मात्र त्याला तोंडही लावत नाही.

मत्स्यपेटी

मग माझी शिदोरी संपली. इतकी नीट राखलेली टाकी इथल्या धाग्यांवर क्वचितच पाहायला मिळते. जाणकारांच्या प्रतीक्षेत आहे.

कोकणकडा

आमच्या आजोळी विहिरीत कासव असे आणि त्याला कोणी कधी औषध दिले नव्हते. हळद हे उत्तम जंतुनाशक आहे. चिमूटभर हळद पाण्यात घालून पाहावी, तसेच लसणीचा रस दाण्यांना चोळून द्यावा. तरीही गुण आला नाही तर त्या मुक्या जिवाला गोदावरीत सोडून द्यावे, निसर्ग त्याची काळजी घेईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पशुवैद्य_सातारा

कोकणकडा यांच्या हेतूविषयी शंका नाही, पण तिन्ही गोष्टी कृपा करून कोणी करू नयेत. कासव त्याच पाण्यात खाते, पिते आणि विष्ठा करते. त्यात हळद घातल्याने पाणी गढूळ होईल, आजार मात्र आहे तिथेच राहील. लसणीचे तिखट, उग्र रस आजारी प्राण्याच्या तोंडात घालण्याला काही आधार नाही. नदीत सोडण्याचा विचार तर मनातही आणू नये. हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. ते ज्या परक्या पाण्यात जाते तिथल्या स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. आपल्याकडे आसाम आणि केरळ येथील जलाशयांत सोडून दिलेली लाल कानाची कासवे सापडलेली आहेत. शिवाय नऊ वर्षे दाण्यांवर वाढलेले आजारी जनावर नदीत सोडणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे होय.

विहिरीतल्या कासवाचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा करतो. ते बहुधा आपले देशी पाठीवर ठिपके असलेले मऊ पाठीचे कासव असावे. देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचे संरक्षण असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे कासव, तसेच लोक सर्रास घरी ठेवतात ते तारा कासव, दोन्ही पहिल्या परिशिष्टात आहेत. ती पाळणे हा गुन्हा आहे. लाल कानाच्या परदेशी कासवाची गोष्ट वेगळी.

आता मूळ विषयाकडे वळतो. प्राणी समोर नसताना निदान करणे योग्य नाही, आणि औषधाची मात्रा मी इथे कधीच लिहिणार नाही. परंतु कुठे पाहायचे ते सांगू शकतो. कासव आजारी पडले की सर्वांत आधी खाणे सोडते, मग आजार कोणताही असो. त्यामुळे ‘खात नाही’ या एका लक्षणावरून काहीच ठरत नाही, सोबतची लक्षणे पाहावी लागतात. नाकातोंडाशी बुडबुडे येतात का, तोंड उघडे टाकून श्वास घेते का, आणि पोहताना एका बाजूला कलते का, हे पाहा. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून वरच्या अंगाला असतात, म्हणून एका फुप्फुसात न्यूमोनिया झाला की ते पाण्यात तिरपे तरंगू लागते. आपल्यासारखा श्वासपटल नसल्यामुळे त्याला जोराने खोकताही येत नाही, त्यामुळे आत साठलेला कफ बाहेर पडत नाही. पापण्या सुजल्या आहेत का, डोळ्यामागे कानाच्या गोल पडद्याखाली गाठ आली आहे का, हेही पाहा. ती अ जीवनसत्त्वाच्या दीर्घकाळच्या कमतरतेची खूण असते. कवचाच्या कडा दाबून पाहा, दबल्या तर कॅल्शियमचा प्रश्न. कवचावर कुठे मऊ, दुर्गंधी येणारा डाग असल्यास तो संसर्ग. विष्ठा शेवटची कधी झाली आणि कशी होती, तेही कळवा.

आणखी एक. कोणते जीवनसत्त्व टोचले, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. कासवाला अ जीवनसत्त्व इंजेक्शनने जास्त प्रमाणात गेले तर पुढे कातडी सोलवटून निघते. एक मात्रा गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, परंतु कारण कळल्याशिवाय दुसरी देऊ नये. जंतांसाठी गुरांना आणि कुत्र्यांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन तर कासवाला प्राणघातक ठरते. हे वाक्य डॉक्टरांच्या दवाखान्यातही नम्रपणे सांगायला संकोच करू नका.

गंगापूररोड_नाशिक

डॉक्टर, आपण सांगितलेला प्रत्येक मुद्दा काल रात्री आणि आज सकाळी पाहिला. बुडबुडे नाहीत, तोंड मिटलेले असते. पोहताना सरळ पोहते, बुडी मारून तळाशी स्थिर बसू शकते. पापण्या आणि कान दोन्ही बाजूंनी सारखे आहेत. कवच टणक आहे, डाग नाही. विष्ठा परवा थोडी झाली, नेहमीसारखीच होती, प्रमाण कमी होते. वजन मात्र अपेक्षेप्रमाणे उतरलेले नाही. न खाताही काटा जवळजवळ तिथेच आहे, याचे आश्चर्य वाटते. मागच्या पायांपुढची, कवच आणि मांडी यांच्या मधली मऊ कातडी थोडी भरल्यासारखी वाटते, पूर्वी तिथे खळगा दिसायचा.

अस्वस्थपणा वाढला आहे. आज फळीवरून थेट टाकीबाहेर पडण्याचा प्रयत्न केला. तिला जमिनीवर सोडले तर भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिली आणि पायपुसण्यावर थांबून मागच्या पायांनी आळीपाळीने ते उकरू लागली. इंजेक्शन ब-समूहाचे होते, असे कळले.

न्यूजर्सीकर

धागा वाचत होते, पण पायपुसणे उकरण्याचे वाचल्यावर राहवले नाही. ताई, सोनी अंड्यावर तर नाही ना?

मी इथे टाकून दिलेल्या कासवांची शुश्रूषा करणाऱ्या एका गटासोबत आठवड्याच्या शेवटी काम करते. आमच्याकडे येणाऱ्या कासवांत लाल कानाचीच सर्वाधिक असतात. हौसेने घ्यायची आणि ताटाएवढी झाली की नकोशी होतात. आपल्याकडे वास्तूसाठी म्हणून घेतलेल्यांचे तेच होते. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला खायला लागत नाही, हे घेणाऱ्यांच्या लक्षात येत नसावे. असो. वयात आलेली मादी दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर अशीच वागते: खाणे सोडते, बाहेर पडू पाहते, मागच्या पायांनी जमीन चाचपते. त्याआधी समुद्रफेस अधाशासारखा खाते. तुम्ही तो फडशा पाडल्याचे लिहिले आहे, म्हणून ही शंका बळावली.

गंगापूररोड_नाशिक

हे मनात आले नव्हते असे नाही, परंतु तिने आजवर दुसरे कासव पाहिलेलेसुद्धा नाही. शिवाय एक्स-रेमध्ये अंडी नाहीत, असे स्पष्ट सांगितले आहे. मग हा मुद्दा निकालात निघत नाही का?

पशुवैद्य_सातारा

नाही निघत. न्यूजर्सीकर ताईंनी अचूक बोट ठेवले आहे, आणि आपल्या ताज्या प्रतिसादातील वजन आणि भरलेली कातडी हे दोन तपशील वाचून मीही त्याच दिशेने विचार करत आहे.

नराची गरज अंडे फलित होण्यासाठी असते, तयार होण्यासाठी नव्हे. खुराड्यात कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, तसेच हे. मादी लाल कानाचे कासव साधारण पाच ते सात वर्षांनी, त्यातही वयापेक्षा आकाराने, वयात येते. सोनी आकाराने आणि वयाने केव्हाच त्या टप्प्यात आली आहे.

एक्स-रेचे म्हणाल तर त्यात काय दिसते आणि काय दिसू शकत नाही, हे समजून घ्यायला हवे. क्ष-किरणांच्या चित्रात अंडे दिसते ते त्याच्या कवचातील कॅल्शियममुळे. पण अंड्याची सुरुवात बीजांडकोशात पिवळ्या बलकाच्या गोळ्यांपासून होते. हे गोळे सुपारीएवढे, कधी त्याहूनही मोठे होतात, त्यांची संख्या वीस-पंचवीसही असू शकते, आणि तरीही एक्स-रेमध्ये ते आजूबाजूच्या मांसात मिसळून जातात, कारण त्यांवर कवच चढलेले नसते. सामान्यतः ते सुटून अंडनलिकेत उतरतात, कवच चढते आणि अंडी घातली जातात. काही माद्यांत मात्र ते वाढतात आणि तिथेच अडून बसतात. ना पुढे सरकतात, ना शरीरात विरघळतात. पोटात जागा उरत नाही, प्राणी खाणे सोडतो, आणि न खाताही वजन टिकून राहते, कारण आत भर पडलेली असते. फार काळ असेच राहिले तर एखादा गोळा फुटून पोटात दाह होतो आणि मग प्रकरण गंभीर वळण घेते. कवचामुळे बाहेरून फुगवटा दिसत नाही, म्हणून हा आजार ‘कारण न सापडलेला’ म्हणून आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

यासाठी सोनोग्राफी लागते. कवचातून ध्वनिलहरी जात नाहीत, म्हणून यंत्राचा दांडा मागच्या पायापुढच्या त्याच मऊ खळग्यात लावतात, जी जागा भरल्यासारखी वाटते असे आपण लिहिले आहे. सोबत रक्ततपासणी करावी.

प्रयोगवही

व्यवसायाने मी रसायनशास्त्र शिकवतो, कासवांचा जाणकार नाही. तरी एक आक्षेप नोंदवतो. खाणे सोडणे, अस्वस्थता आणि उकरणे यांवरून आपण सगळे एका आकर्षक स्पष्टीकरणाकडे धावत आहोत, असे वाटते. वजन न उतरण्याचे कारण पोटात पाणी साठणे हेही असू शकते. ते मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजारात होते, आणि मऊ कातडी त्यातही भरल्यासारखी दिसेल. मग अंड्यांच्या समजुतीवर विसंबून तिला अंडी घालता यावीत म्हणून चार आठवडे वाळूची पेटी ठेवत बसलो आणि मूत्रपिंडाचा आजार निघाला तर?

पशुवैद्य_सातारा

आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच वाळूच्या पेटीआधी सोनोग्राफी, असा माझा आग्रह आहे. ती एकच तपासणी या दोन शक्यता वेगळ्या करते: बलकाचे गोळे गोल, भरीव आणि ठळक दिसतात, पाणी काळे आणि पसरलेले दिसते. रक्तात यूरिक आम्ल वाढले असेल तर मूत्रपिंडांकडे पाहावे लागेल. कॅल्शियमचा आकडा वाढलेला दिसला तर मात्र घाबरू नका. अंडी तयार होण्याच्या काळात मादीच्या रक्तात कॅल्शियम वाढतेच. ज्यांना फक्त कुत्र्यांचे अहवाल वाचायची सवय आहे, त्यांना तो आकडा भयंकर वाटू शकतो.

नाशिकहून मुंबई जवळ आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात आधी दूरध्वनी करून सरपटणाऱ्या प्राण्यांची सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते, ते विचारून जा. पुण्याच्या बाजूने जाणाऱ्यांना शिरवळचे महाविद्यालय सोयीचे आहे. परदेशी पाळीव प्राणी पाहणारे खासगी डॉक्टरही दोन्ही शहरांत आहेत. नेताना पाणी भरलेल्या बादलीत नेऊ नका. हवेसाठी भोके असलेल्या खोक्यात ओलसर टॉवेल घालून न्या, आणि गाडीतील वातानुकूलनाचा झोत तिच्यावर येऊ देऊ नका. आधीच्या एक्स-रेची फिल्म सोबत ठेवा.

गंगापूररोड_नाशिक

मुंबईतील एका परदेशी प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर बाईंनी सोनीला कुशीवर न झोपवता उभी धरून, पाय हलक्या हाताने मागे ओढून, त्या खळग्यात भरपूर जेल लावले आणि पडद्यावर आम्हाला दाखवले. द्राक्षांचा घड दाबून भरावा तसे गोल गोळे एकमेकांना खेटून बसले होते. दोन्ही बाजूंना. सर्वांत मोठे दोन सेंटिमीटरच्या थोडे पुढे. कवच चढलेले एकही अंडे नाही. पाणी साठलेले नाही. मानेतील शिरेतून रक्त घेतले. यूरिक आम्ल ठीक आहे, कॅल्शियम आपण म्हणालात तसे वाढलेले आहे.

त्यांच्या मते सध्या शस्त्रक्रियेची घाई नको. अंडी घालण्यासाठी योग्य जागा, दिव्याचा वेळ वाढवणे, फळीवरची ऊब कायम ठेवणे आणि ठरावीक अंतराने पुन्हा सोनोग्राफी, असे ठरले आहे. गोळे सरकले किंवा विरघळू लागले तर उत्तम. तसेच राहिले आणि रक्तात दाहाच्या खुणा दिसल्या तर मागच्या पायापुढच्या त्याच जागेतून बीजांडकोश काढावे लागतील, त्यासाठी कवच कापावे लागत नाही. मी ऑक्सिटोसिनबद्दल विचारले, कारण कोणीतरी व्हॉट्सअॅपवर ते सुचवले होते. त्यांनी ठाम नकार दिला.

पशुवैद्य_सातारा

नकार योग्यच आहे. ऑक्सिटोसिन अंडनलिकेला आकुंचन देते. नलिकेत कवचधारी अंडे असेल आणि वाट मोकळी असेल तरच त्याचा उपयोग होतो. इथे नलिकेत काहीच नाही, म्हणून ते देण्यात काडीचाही अर्थ नाही. तसेच कोणी प्रतिजैविक सुरू करायला सांगितले तर कशासाठी, ते विचारा. पुढे कधी इंजेक्शनांची वेळ आलीच, तर ती पुढच्या पायांत दिली जावीत. कासवाच्या मागच्या भागातील रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते, म्हणून पुढच्या पायांत टोचण्याची पद्धत आहे.

न्यूजर्सीकर

पेटीबद्दल मी सांगते, हे काम मी पुष्कळदा केले आहे. सोनीला आत पूर्ण वळता येईल, असा मोठा प्लॅस्टिकचा टब घ्या. लांबी तिच्या कवचाच्या किमान तिप्पट असू द्या. बारीक वाळू आणि चाळलेली माती समप्रमाणात मिसळा, खत घातलेली कुंडीची माती वापरू नका. थराची खोली निदान तिच्या कवचाच्या लांबीइतकी असावी, कारण उथळ वाळूत ती चार वेळा उकरून तळ लागला की नाद सोडते. ओलावा इतकाच ठेवा की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये आणि उकरलेला खड्डा ढासळू नये. एका टोकावर दिवा लावा. टब शांत खोलीत ठेवा आणि वारंवार डोकावू नका. पाहिले जात आहे असे वाटले की माद्या अर्धवट खणलेला खड्डा सोडून परत फिरतात. सकाळी किंवा सायंकाळी काही तास ठेवून पुन्हा पाण्यात सोडा, नाहीतर शरीरातील पाणी कमी होईल.

आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर एक आठवण. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना त्यापासून होणाऱ्या आजारांमुळेच इथे अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर बंदी आली. टब, वाळू, टाकी यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा, आणि टबातले किंवा टाकीतले पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका.

कोकणकडा

माझ्या आधीच्या सल्ल्याला इतक्या संयमाने उत्तर दिल्याबद्दल डॉक्टरांचे आभार. खेड-चिपळूणकडची नदीकाठची वाळू मिळवून देऊ शकतो, कोणी नाशिकला येणारे असल्यास पाठवतो.

मत्स्यपेटी

नदीची वाळू आणल्यास ती चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरावी, एवढे सुचवतो. नाहीतर बांधकामाच्या दुकानात चाळलेली बारीक वाळू सहज मिळते, तिला धुणे मात्र तितकेच आवश्यक आहे, कारण त्यात सिमेंट मिसळलेले असण्याची शक्यता असते.

गंगापूररोड_नाशिक

टब बाल्कनीलगतच्या खोलीत मांडला आहे. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात डोके खुपसून बसली. काल तिने दोन ठिकाणी उकरले, मागचे पाय आळीपाळीने आत घालून माती बाहेर टाकली, आणि सोडून दिले. हे चांगले लक्षण मानायचे का? आणि शेवटचा प्रश्न: पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबायचे असे ठरले असले, तरी कोणत्या खुणा दिसल्या तर न थांबता निघायचे? रात्री-अपरात्री निर्णय घ्यायची वेळ आली तर हाताशी उत्तर असावे, म्हणून विचारते.

पशुवैद्य_सातारा

चाचपणीचे खड्डे करणे हे स्वाभाविक वर्तन आहे. बऱ्याच माद्या पसंतीची जागा सापडेपर्यंत असे चार-पाच ठिकाणी उकरून पाहतात. त्यावरून गोळे सरकले असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही, ते सोनोग्राफीच सांगेल.

न थांबण्याच्या खुणा अशा: उकरण्याची धडपड अचानक पूर्ण थांबून ती मान टाकून पडून राहिली, मागचे पाय ओढू लागली किंवा हात लावला तरी आत घेईना, शेपटीखालच्या छिद्रातून रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा लालसर मांसल भाग बाहेर आला, जोर लावूनही काहीच बाहेर येत नसताना ती तास न् तास कळा देत राहिली, तोंड उघडून श्वास घेऊ लागली. यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. बाहेर आलेला मांसल भाग कोरडा पडू देऊ नका, स्वच्छ ओल्या कापडात झाकून तसेच निघा, आत ढकलण्याचा प्रयत्न करू नका. खाण्याची सक्ती सध्या करू नका. पोटात जागाच नाही. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा, आणि अंडी घातलीच तर ती मोजा. सोनोग्राफीत दिसलेल्या गोळ्यांपेक्षा संख्या बरीच कमी भरली तर आत काही उरले का ते पाहण्यासाठी एक्स-रे काढावा लागेल, आणि त्या वेळी तो उपयोगी पडेल, कारण मग कवचे असतील.

गंगापूररोड_नाशिक

ही यादी छापून फ्रीजवर लावली आहे, सासूबाईंनाही वाचून दाखवली. त्या रात्री जाग्याच असतात, त्यामुळे पहारा त्यांच्याकडे. पुढील सोनोग्राफीची चित्रे मिळाली की डॉक्टर बाईंची परवानगी घेऊन इथेच टाकीन.